नोटरीच्या शिक्क्याने लग्न लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली प्रेम, लग्न आणि लग्नाविना संसार यावरची चर्चा वाचली. तज्ज्ञ मोकळेपणाने बोलले, चांगलंच झालं. पण शेवटच्या चौकटीत जोडप्यांना दिलेला ‘100 रुपयांच्या स्टॅम्पवर करार करा, नोटरी करा आणि निर्धास्त राहा’ हा सल्ला कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला? एक तर ऑक्टोबर 2024 पासून राज्यात करारनाम्याला किमान 500 रुपयांचा स्टॅम्प लागतो. आणि 500 चा लावला तरी सही कोणी केली यापलीकडे नोटरीच्या शिक्क्याला अर्थ नाही.

‘पोर पयी गयी’ (पोरगी पळून गेली) म्हणून बाप चौकीत जातो तेव्हा हा कागद कोणी विचारत नाही. मुलीला 18 पूर्ण असतील तर तिचा जबाब पुरतो. एक दिवस जरी कमी असला तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागू शकतो, तिथे स्टॅम्प काय करणार? मुलगा 18 ते 21 मधला असेल तर लग्न करता येत नाही, पण दोघे सज्ञान असल्याने एकत्र राहू शकतात, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगितलंय.

लग्नच करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहतोय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती 30 दिवस फलकावर राहते. नंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. गाडी अडते ती इथे: नोटीस पुण्यात दिली आणि कायमचा पत्ता चोपड्याचा असेल, तर तिची प्रत जळगावलाही लागते. ‘गावात कळणार नाही’ या भरवशावर राहू नये. हरकत कोणीही घेऊ शकतो, पण वाटेल त्या कारणावर नाही. आधीचा जोडीदार हयात असणं, वय, मनोविकार किंवा निषिद्ध नातं एवढीच कारणं चालतात. जात हे कारण नाही. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला 1000 रुपयांपर्यंत भुर्दंड बसू शकतो.

खान्देशात खरी पंचाईत फारकतीच्या, म्हणजे घटस्फोटाच्या, कागदाची. पहिलं लग्न मोडलं, पंचांनी स्टॅम्पवर फारकत लिहिली, झालं? त्या समाजात तशी रूढी असल्याचं कोर्टात सिद्ध करता आलं तरच ती टिकते. नाहीतर पहिलं लग्न जिवंतच आणि दुसरं रद्दबातल. यावर तुमच्या चर्चेत एक ओळ नाही.

लग्नाविना राहणाऱ्या बाईला संरक्षण मिळतं ते 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातून, करारातून नव्हे. सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या वेलुसामी निकालाने त्याच्या अटीही सांगितल्यात: दोघांचं लग्नाचं कायदेशीर वय झालेलं, एरवीही लग्नाला पात्र, चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरणारे आणि बराच काळ स्वखुशीने एकत्र राहिलेले. पुरुषाचं आधीचं लग्न चालू असेल तर बाईची बाजू लंगडी पडते. करारापेक्षा दोघांच्या नावाचा भाडेकरार आणि एका पत्त्यावरची कागदपत्रं कामी येतात. आणि एक तज्ज्ञ म्हणाले तशी तहसीलमध्ये नोंद आपल्याकडे होत नाही. लग्नाविना राहणाऱ्यांची नोंद करावी लागते ती उत्तराखंडात. जाता जाता, ही रीत पुण्या-मुंबईहून आली म्हणणाऱ्यांनी नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याला जाऊन यावं. आधी पळून एकत्र राहायचं, मग पंचांसमोर देज (मुलीच्या घरच्यांना द्यायची रक्कम) ठरवायचं, हे सातपुड्यात जुनंच आहे.

त्याच पानाच्या तळाशी ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ची जाहिरात होती. लग्न कोर्टात लागतच नाही, आणि वर सांगितलेल्या नोटिशीचे 30 दिवस कोण गिळणार? जाहिरातीचे पैसे मिळाले असतील, ठीक आहे. निदान एवढं करा: ऑनर किलिंगवरच्या सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या शक्तिवाहिनी निकालाने घरच्यांच्या धमक्या झेलणाऱ्या जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष उघडायला सांगितलाय. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कक्षांचे फोन नंबर मिळवून छापा. राशिभविष्याच्या अर्ध्या जागेत बसतील.

– एक वाचक, अमळनेर