हे मूल ‘नको’ कसे म्हणते, हे रात्रपाळीलाही माहीत हवे

माननीय बालविकास मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिव्यांग मुलांच्या निवासी संस्थेच्या तपासणीत खाटा मोजल्या जातात, स्वच्छतागृहे पाहिली जातात, औषधांच्या नोंदी चाळल्या जातात. त्याच अर्जात आणखी एक रकाना हवा: ‘हे मूल होय, नाही आणि दुखतंय हे कसे सांगते?’ हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

घरात वाढणाऱ्या, बोलू न शकणाऱ्या मुलाच्या खाणाखुणा आईला, आजीला, भावंडांना पाठ असतात. डोळे वर नेले की होय, ओठ घट्ट मिटले की पुरे, एक विशिष्ट हुंकार म्हणजे कूस बदला. मूल संस्थेत येते तेव्हा त्याच्याबरोबर कागदपत्रे येतात, पण ही भाषा मागे राहते. त्यात तीन पाळ्या आणि सतत बदलणारे काळजीवाहक. एकीने महिनाभरात जे ओळखले, ते ती नोकरी सोडते त्या दिवशी पुसले जाते.

म्हणून पहिली गरज आहे ती एका पानाच्या संवाद-पत्रकाची. प्रवेशाच्या दिवशीच घरच्यांना किंवा आधीच्या काळजीवाहकांना विचारून त्याचा कच्चा मसुदा करावा. त्यात तीन रकाने पुरतात: मूल काय करते, त्याचा अर्थ बहुधा काय, आपण काय करायचे. ‘सेरेब्रल पाल्सी, बोलत नाही’ असे लिहिलेले पत्रक कुणाच्याच कामाचे नाही. ‘मान डावीकडे वळवून डोळे मिटतो, घास नको आहे, चमचा खाली ठेवा आणि थांबा’ हे उपयोगी आहे. कोणत्या कानाने नीट ऐकू येते, चष्मा कधी लावायचा, कसे बसवले की हात मोकळा होतो, हेही त्यातच यावे. पत्रकावर तारीख हवी आणि दर तीन महिन्यांनी ते पुन्हा तपासायला हवे. त्याची जागा व्हीलचेअरच्या मागच्या खिशात किंवा खाटेजवळ. कार्यालयातल्या फाइलीत ठेवलेले पत्रक रात्री दोन वाजता कुणी उघडत नाही. वैद्यकीय इतिहास मात्र त्यावर लिहू नये, तो चारचौघांनी वाचायचा नसतो.

‘होय’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या, दिसणाऱ्या कृती असल्या पाहिजेत. पुष्कळदा फक्त ‘होय’ची खूण ठरवतात आणि प्रतिसाद आला नाही की ‘नाही’ समजतात. मग दमलेले, न ऐकू आलेले आणि खरोखर नकार देणारे मूल, तिघांचे उत्तर एकच नोंदले जाते.

यानंतर चित्रफलक, म्हणजे बोट किंवा नजर टेकवून बोलण्यासाठीचा चित्रांचा तक्ता. संस्थांमधल्या फलकांवर बहुधा पाणी, जेवण, शी, झोप एवढीच चित्रे असतात. म्हणजे काळजीवाहकाला जे विचारायचे तेवढेच. रोजच्या बोलण्याचा मोठा भाग काही मोजक्या शब्दांवर चालतो आणि त्यांत नामे कमी असतात: अजून, नको, थांब, मी, तू, दे, बघ, संपलं, वेगळं, मदत, का. हे शब्द आधी हवेत, वस्तूंची नावे मागून. शब्दांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. दर आठवड्याला फलकाची मांडणी बदलणे म्हणजे मुलाच्या हाताने शिकलेली वाट मोडणे. हात थरथरत असेल तर चौकटी पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या, मधे मोकळी जागा. मेंदूच्या इजेमुळे दृष्टी अधू असेल तर काळी पार्श्वभूमी आणि थोडीच चित्रे. लॅमिनेशन चकचकीत नको. दिवा त्यात चमकतो आणि मुलाला फक्त उजेड दिसतो. प्रती किमान तीन: एक मुलाजवळ, एक न्हाणीघरात भिजली तरी चालेल अशी, एक राखीव.

हात साथ देत नसेल तर पारदर्शक ॲक्रिलिकच्या तुकड्यावर कडेला चारसहा चित्रे लावून, समोर बसून नजर कुठे जाते ते पाहता येते. तेही जमत नसेल तर पर्याय एकेक करून, दर वेळी त्याच क्रमाने वाचावेत आणि ‘होय’च्या खुणेची वाट पाहावी. शेवटचा पर्याय नेहमी ‘यांतलं काहीच नाही’ असावा. हा पर्याय नसला तर मुलाला आपल्या चुकीच्या प्रश्नातूनच उत्तर निवडावे लागते.

सगळ्यात कठीण आहे थांबणे. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे, काही मुलांसाठी त्याहून जास्त. स्नायू आखडलेल्या मुलाला आधी शरीर सावरावे लागते, मग हात हलतो. तेवढ्यात दुसरा प्रश्न आला की ती सगळी जुळवाजुळव वाया जाते. बसणेही यातच येते: पाय लोंबकळत असतील, कंबर पुढे घसरली असेल, तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. पावलांना आधार, कंबर मागे टेकलेली, ट्रे कोपराच्या उंचीवर. दिवसभर खाटेवर असणाऱ्या मुलासाठी फलक त्याच्या नजरेच्या टप्प्यात बाजूला टांगलेला हवा.

आणि फलक मुलाने वापरण्याआधी मोठ्यांनी वापरायचा असतो. बोलताना काळजीवाहकाने ‘अजून’वर बोट ठेवायचे, ‘संपलं’वर ठेवायचे, मुलाकडून काहीही न मागता. बोलणारे मूल पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर नुसते ऐकत असते. फलकाला मात्र पंधरा दिवस देऊन ‘याला जमत नाही’ असा शेरा मारला जातो. चित्रांमुळे मूल बोलायचे थांबेल ही भीतीही अनाठायी आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, काटेकोर अभ्यासांतील 27 जणांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते आणि बहुतेकांचे वाढले होते.

टॅबलेट वाटपाच्या योजनांना आमचा विरोध नाही. पण तुटेल म्हणून कपाटात ठेवलेला, चार्ज न केलेला, फक्त ‘थेरपीच्या तासाला’ मिळणारा टॅबलेट हा मुलाचा आवाज होऊ शकत नाही. खरेदीतला काही वाटा दुरुस्ती, स्टँड आणि प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. श्रवण आणि दृष्टी तपासणी तर खरेदीच्या आधी.

डोके आपटणे, चावणे, किंचाळणे याकडे ‘वर्तन समस्या’ म्हणून पाहून झोप आणणारे औषध वाढवले जाते. आधी कान, दात आणि बद्धकोष्ठता तपासा. दुखणे पुष्कळदा तिथे लपलेले असते. मग ते वागणे कशासाठी आहे हे शोधून, तेच मागायची सोपी खूण शिकवा. 1985 पासून संशोधनात हा मार्ग दाखवलेला आहे: ‘मदत’ मागता आली की आपटणे कमी होते.

आता ज्या विषयाकडे दुर्लक्ष करणे सर्वांत धोक्याचे, तो. तक्रारपेटी लिहू न शकणाऱ्या मुलाच्या कामाची नाही. प्रत्येक फलकावर शरीराच्या सर्व अवयवांची, खाजगी अवयवांसकट, चित्रे हवीत. मारलं, भीती वाटते, हात लावला, सांगायचं आहे, ही चित्रे हवीत. हे शब्द ‘लहान मुलांना कशाला’ म्हणून काढले जातात. ज्या मुलाकडे ते शब्द नाहीत, त्याच्यावर अत्याचार करणाऱ्याला पकडले जाण्याची भीती नसते. महिन्यातून किमान एकदा, फलक वाचता येणाऱ्या पण संस्थेत नोकरी न करणाऱ्या व्यक्तीने मुलाला एकट्याने भेटावे.

एक इशारा. मुलाचा हात किंवा मनगट धरून अक्षरांवर नेणारी पद्धत कुठेही मंजूर करू नये. नियंत्रित चाचण्यांत ते शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातील संवादाच्या व्याख्येत ब्रेल, स्पर्श आणि पर्यायी साधने येतात, आणि मुलाला आपले मत मांडण्यासाठी आधार देण्याची जबाबदारी त्याच करारात आहे. त्या आधारे आपल्याकडे मागणे असे: प्रवेशानंतर तीन दिवसांत संवाद-पत्रक बंधनकारक करावे; मूल दुसऱ्या संस्थेत किंवा रुग्णालयात गेले की पत्रक आणि फलक बरोबर जावेत; काळजीवाहकांचे प्रशिक्षण एका दिवसाच्या कार्यशाळेत न उरकता, वाचा-उपचारतज्ज्ञाने जेवणाच्या आणि आंघोळीच्या वेळी प्रत्यक्ष शेजारी उभे राहून द्यावे, रात्रपाळीलाही. आणि तपासणी अधिकाऱ्याने फाइल न मागता, समोर जो काळजीवाहक असेल त्याला कोणत्याही एका मुलाकडे बोट दाखवून विचारावे: हे ‘नको’ कसे म्हणते, आणि ते म्हटल्यावर तुम्ही काय करता?

आपले,
निवासी संस्थांमध्ये काम करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि काळजीवाहक