वाजणारा डिटेक्टर काढणे हा उपाय नव्हे

महोदय,

‘अग्निशोधक यंत्रणा बसवलेली होती, पण वाजली नाही’ हे वाक्य आगीच्या बातम्यांत वारंवार येते. त्यामागे अनेकदा आधी कुणीतरी केलेली ‘सोय’ असते. छतावरचा धूर ओळखणारा डिटेक्टर उगाच वाजतो म्हणून फिरवून काढला जातो, नाहीतर त्यावर पिशवी बांधली जाते. एकच तर काढला, असे त्यावर म्हटले जाते. हा समज घातक आहे.

कन्व्हेन्शनल म्हणजे साध्या, पारंपरिक जोडणीत एका झोनचे (इमारतीच्या एका भागाचे) सगळे डिटेक्टर तारांच्या एकाच जोडीवर ओळीने बसतात आणि शेवटी एक रेझिस्टर असतो. पॅनेल, म्हणजे यंत्रणेची नियंत्रण पेटी, त्यातून सतत थोडा करंट सोडत असते. धूर आला की डिटेक्टर जास्त करंट ओढतो आणि लाल दिवा लागतो. करंट थांबला, तर तार तुटली असे समजून पिवळा ‘फॉल्ट’ दिवा लागतो. साध्या बेसमधून (छतावरच्या बैठकीतून) हेड, म्हणजे डिटेक्टरचा फिरवून निघणारा भाग, काढणे म्हणजे तार तोडणेच. कॉरिडॉरमधला पहिला काढला, तर पुढचे सगळे छतावर दिसतात, पण पॅनेलपर्यंत त्यांचे काहीच पोहोचत नाही. पॅनेल हे ओरडून सांगते. आपण बझर बंद करतो आणि पिवळा दिवा महिनोन्‌महिने तसाच जळत राहतो. हेड काढले तरी ओळ चालू ठेवणारे डायोडचे बेस मिळतात, मात्र पॅनेल त्यांना साजेसे हवे.

मुळात तो उगाच का वाजतो? ऑप्टिकल डिटेक्टरच्या आत काळा कप्पा असतो. त्यातला इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोडायोड मुद्दाम समोरासमोर ठेवलेले नसतात. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो आणि फोटोडायोडवर पडतो. पण वाफ, धूळ किंवा बारीक किडाही तेच करतो. त्यामुळे स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराच्या दाराशी हा प्रकार लावूच नये. स्वयंपाकघरात हीट (उष्णता ओळखणारा) डिटेक्टर योग्य. तो साधारण ५७ अंश सेल्सिअसला इशारा देतो, ‘रेट ऑफ राइज’ प्रकारचा असेल तर तापमान मिनिटाला सुमारे ८ अंशांनी चढू लागताच. झोपायच्या खोलीत मात्र तो नको. गादी धुमसत असताना उष्णता फार उशिरा वर पोहोचते, धूर आधी. एसीच्या झोतापासूनही डिटेक्टर किमान एक मीटर दूर हवा, नाहीतर धूर त्याच्यापर्यंत जातच नाही.

रंगकाम, पीओपी चालू असताना डिटेक्टरवर टोपी हवीच. काम संपल्यावर ती काढायची राहिली, तर मात्र कुठलाही दिवा लागत नाही. पॅनेलच्या दृष्टीने सगळे ठीक असते, म्हणून ही चूक पिवळ्या दिव्यापेक्षा वाईट.

लुकलुकणारा एलईडी पाहून समाधान मानू नये. त्यावरून फक्त वीजपुरवठा कळतो, धूर आत जातो की नाही ते कळत नाही. देखभालवाल्याला झोनमधल्या शेवटच्या डिटेक्टरवर चाचणीचा एरोसोल (धुरासारखा फवारा) मारायला सांगावे. लाल दिवा आणि हूटर दोन्ही आले पाहिजेत. शेवटच्याचा संदेश आला म्हणजे तिथवरची तार शाबूत. बाकीच्या हेडची चाचणी पाळीपाळीने घ्यावी. नंतर मेन्स बंद करून हीच चाचणी बॅटरीवर घ्यावी. २४ व्होल्टच्या पॅनेलमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. बदलायच्या तर दोन्ही एकदमच.

आपला,
अग्निशोधक यंत्रणा देखभाल तंत्रज्ञ