जायकाच्या कर्जाचा हिशेब नदीकाठच्या गावांनाही द्या

महोदय,

पुण्याच्या मुळा-मुठा शुद्धीकरण प्रकल्पाची बातमी आली की चर्चा पुण्यापुरतीच होते. कुठल्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं काम किती झालं, मैलावाहिन्यांसाठी कुठला रस्ता खोदला, वगैरे. पण मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. या वाटेवरच्या माणसांना कुणी काही सांगत नाही.

हा पैसा एकट्या पुण्याचा नाही. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने जपानच्या ‘जायका’ या सरकारी मदत संस्थेशी करार करून 19.064 अब्ज येन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 1000 कोटी रुपये कर्ज घेतलं. व्याज वर्षाला 0.30 टक्के, परतफेड 40 वर्षांत. 990 कोटींच्या मूळ प्रकल्पातला 85 टक्के वाटा केंद्र सरकारने पुणे महापालिकेला अनुदान म्हणून द्यायचा ठरला. म्हणजे कर्ज फेडणार देशाची तिजोरी, आणि त्या तिजोरीत दौंड-इंदापूर-सोलापूरचाही कर जातो.

व्याज नाममात्र आहे म्हणून उशीर परवडतो, असं कुणी समजू नये. प्रकल्प जानेवारी 2022 मध्ये पूर्ण व्हायचा होता. भूमिपूजनच मार्च 2022 मध्ये झालं. जादा दराच्या निविदा, मग फेरनिविदा, जागेचे वाद. दरम्यान 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं पालिकेत आली. जुनी 477 आणि नवी 396 अशी रोज 873 दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करायची क्षमता ठरवणारा आराखडा मात्र त्याआधीचा.

या उशिराचा भार नदीकाठच्या शेतकऱ्यावर पडतो. उन्हाळ्यात जलपर्णी इतकी दाटते की मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) तिच्या मुळांनी गच्च होतो. मोटार बंद करायची, काळ्या पाण्यात उतरून कोयत्याने मुळं कापायची, तेव्हा कुठे पाणी चढतं. नंतर अंगाला खाज सुटते ती वेगळीच. नदीला लागून विहीर असूनही प्यायला जार विकत घेणारी घरं आमच्या भागात कमी नाहीत.

आता केंद्रं उभी राहतील, उद्घाटनंही होतील. माझी खरी काळजी त्यानंतरची आहे. कर्जातून टाक्या आणि यंत्रं येतात. महिन्याचं वीजबिल महापालिकेलाच भरायचं असतं. हवा देणारे ब्लोअर बराच वेळ बंद राहिले तर मैला खाणारे जिवाणू मरतात आणि केंद्र पूर्ववत चालायला बरेच दिवस जातात. तोवर मैलापाणी नदीतच. गंगा शुद्धीकरणाच्या ‘नमामि गंगे’ योजनेत वाराणसी आणि हरिद्वारला यावर एक उपाय केला आहे: बांधकामाच्या खर्चातले 40 टक्के पैसे ठेकेदाराला काम चालू असताना द्यायचे, उरलेले 60 टक्के पुढच्या 15 वर्षांत हप्त्याहप्त्याने आणि केंद्र नीट चाललं तरच. राज्यातल्या यापुढच्या प्रत्येक मैलापाणी प्रकल्पाला, मग तो कर्जातून असो वा अनुदानातून, हीच अट घालावी.

पुण्यापुरती मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात महिन्याला किती मैलापाणी आलं, किती शुद्ध झालं, सोडताना बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते याचं माप) किती होता आणि केंद्र किती तास बंद होतं, हे आकडे भीमाकाठच्या ग्रामपंचायतींना व सोलापूर महापालिकेला दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत लेखी कळवावेत. नव्या केंद्रांची वाट न पाहता आज चालू असलेल्या केंद्रांपासूनच ही सुरुवात करता येईल.

– भीमाकाठचा एक शेतकरी वाचक, ता. दौंड, जि. पुणे