धारेवर चालणारा खेळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "मुतारीत व्हिडिओ गेम? कशाला पण?" तेव्हा आजूबाजूला माणसं होती, त्यामुळे मला मोकळं बोलता आलं नाही. म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय.

मला ही कल्पना मनापासून आवडते. हात गुंतलेले, फोन काढायची सोय नाही, समोर नुसती फरशी. त्या जेमतेम वीसएक सेकंदांत माणसाकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे नेम. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या दोघांनी २००३ मध्ये हे ओळखलं. त्यांनी मुतारीच्या भांड्यात सेन्सर बसवले, वर पडदा लावला, आणि पडद्यावर उड्या मारणारे हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखे छोटे प्राणी, धारेने टिपायचे. बटण नाही, कसल्या सूचना नाहीत. खेळायचं कसं हे कुणाला शिकवावंच लागत नाही. गेम बनवणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख कुठलं?

पुढे जानेवारी २०११ मध्ये सेगा या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या जपानी कंपनीने टोकियोत 'टॉयलेट्स' नावाने हाच प्रकार चाचणीसाठी आणला. त्यातल्या एका खेळात भिंतीवरची रंगरंगोटी धार डावी-उजवीकडे फिरवून धुऊन काढायची, तो मला झकास वाटतो. दुसऱ्यात मात्र लघवी किती झाली ते मोजायचं, आणि आणखी एकात तुझ्या आधी तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या धारेशी तुझ्या धारेचा जोर लावायचा. माझं सगळं भांडण या शेवटच्या दोन खेळांशी आहे.

कारण सांगतो. गेल्या वर्षी बाबांना प्रोस्टेटचा त्रास सुरू झाला, तेव्हा त्यांची युरोफ्लोमेट्री करावी लागली. नरसाळ्यासारख्या भांड्यात लघवी करायची, आणि यंत्र दर सेकंदाला किती मिलिलिटर पडली याचा आलेख काढतं. सर्वांत जास्त वेग १५ च्या वर असला तर सहसा काळजी नसते, १० च्या खाली गेला की डॉक्टर अडथळ्याचा विचार करू लागतात. बाबा बाहेर आले, आलेखाच्या कागदाची चार घड्यांची घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली. घरी पोचेपर्यंत ते त्यावर एक शब्द बोलले नाहीत. टॉयलेट्समधला जोराचा खेळ म्हणजे तोच कागद आहे रे, फक्त भिंतीवर लावलेला, मागून येणाऱ्या अनोळखी माणसाने बघावा म्हणून.

आणि तू. कॉलेजात मधली सुट्टी संपून सगळे वर्गात गेले की मग तू निघायचास. आम्ही चिडवायचो, त्याचं मला आज खरंच वाईट वाटतं. शेजारी कुणी आलं की लघवी अडते, याला पॅरुरेसिस म्हणतात, आणि थोड्याफार प्रमाणात ते बऱ्याच जणांना होतं. १९७६ मध्ये अमेरिकेत यावर एक प्रयोग छापून आला होता. शेजारी कुणी नसताना धार सुरू व्हायला सरासरी ४.९ सेकंद लागले, अगदी शेजारच्या भांड्यावर माणूस उभा केला तर ८.४. हे बघण्यासाठी त्यांनी शेजारच्या संडासात पेरिस्कोप लावला होता, तोही समोरच्याला न विचारता. ते मला अजिबात पटत नाही. पण आकडा मात्र तुझ्या बाजूने बोलतो. नुसत्या शेजाऱ्याने एवढा फरक पडतो, तर गुणफलकाने किती पडेल!

२०११ च्याच अखेरीस लंडनमधल्या एका बारमध्ये कॅप्टिव्ह मीडिया या कंपनीने वेगळी वाट काढली. इन्फ्रारेड सेन्सर, आणि धार डावीकडे की उजवीकडे एवढंच बघायचं. बर्फावरून घसरणारा खेळाडू तू वळवशील तसा वळतो. धार बारीक असली तरी चालतं, हे महत्त्वाचं. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये त्यांचे खेळ बसले, एका रुग्णालय-समूहाच्या पाठबळाने आणि प्रोस्टेटच्या आरोग्याचा संदेश घेऊन. बाबांसारखी माणसं घरातही ज्यावर बोलत नाहीत, ते नेमकं त्यांच्या डोळ्यांसमोर! मला ते वाचून फार बरं वाटलं. पण तिथेही वरचे गुण स्टेडियमभरच्या पडद्यांवर झळकवायचं ठरलं होतं. तो मोह कुणाला सुटत नाही.

आजवरचा सर्वांत चांगला खेळ मला विचारशील तर तो शिफोल विमानतळावरचा. १९९०च्या दशकात ॲमस्टरडॅमच्या त्या विमानतळावर भांड्याच्या आतल्या बाजूला माशीचं चित्र काढलं. ना पडदा, ना वीज. माशी दिसली की माणूस नेम धरतोच. सांडणं ८० टक्क्यांनी घटलं, असं त्यांच्या माणसांनी सांगितलं होतं. तो आकडा इतका नेमका मानायला मी तयार नाही, पण युक्ती लागू पडते यात मला शंका नाही. रोज गुडघ्यावर बसून ती फरशी पुसणाऱ्या माणसाचा विचार कर. गुण मिळवून देणारा एकही खेळ त्या माशीइतका त्याच्या कामी येत नाही.

मला करायचा आहे तो खेळ या माशीच्या जवळचा आहे. पडद्यावर अंधारी नदी आणि काठाला बांधलेली होडी. घड्याळ नाही, आकडा नाही. धार सुरू होईल तेव्हा होडी सुटेल, मग एक मिनिट लागो की तीन. धार जिकडे, तिकडे ती वळेल. धार तुटली तर होडी थांबेल आणि पुन्हा सुरू झाली की पुढे जाईल. संपलं की दिवा मालवेल, आणि मागून येणाऱ्याला पुन्हा काठाला बांधलेलीच दिसेल.

आता माझा प्रश्न. शेजारच्या भांड्यावर कुणी उभं असताना तू त्या होडीसमोर उभा राहशील का? मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस, खरं काय ते लिही. नाही म्हणालास तर का नाही, तेही लिही. तुझं पत्र आल्याशिवाय मी पुढचं काम हाती घेत नाही.

तुझा,
अविनाश