लेथच्या हिरव्या रंगावर नख मारणाऱ्या काकाजींना

काकाजी, सादर नमस्कार.

हे पत्र असं सगळ्यांदेखत लिहितोय, कारण घरी पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही अर्धा डबा मलाच परत बांधून दिलात आणि आभार-बिभार बोलायचं नाही म्हणून दम भरलात. इथे तुम्हाला मला अडवता येणार नाही. तुम्ही मोबाइल फक्त कानाला लावता, ते ठाऊक आहे. नात वाचून दाखवील.

मार्चमधली ती दुपार आठवा. नागपुरात कामठी रोडवरच्या जुन्या मशिनरीच्या गोडाऊनात मी टोकनचे पाच हजार खिशात घेऊन उभा होतो. समोर तीन फुटी लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, हिरवागार, मांडवातल्या नवरदेवासारखा. विकणारा सांगत होता, एकाच कारागिराच्या हातचा आहे, बटण दाबा आणि सुरू करा. तुम्ही आला होतात ड्रिलसाठी एखादा व्हाइस बघायला. तुमची-माझी ओळख ना पाळख. माझ्याकडे पाहून विचारलंत, "काहून रे बाबू, धंद्याले घेतो का घरी ठेवाले?" घरी म्हटल्यावर हेडस्टॉकच्या, म्हणजे डावीकडच्या गिअरच्या पेटीच्या, खालच्या कडेला नख मारलंत. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून भिजवलेल्या कणकेसारखी पुट्टी.

मग बॅकगिअर, म्हणजे वेग कमी करणारे गिअर, लावून चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, हाताने हळूहळू फिरवला. दर फेऱ्याला एकाच जागी टक. टॉर्च मारला तर मोठ्या गिअरचा एक दात पिवळा, पितळेने झाळलेला. चक जाम झाला की लोक पुली आणि गिअर जोडणारी पिन न काढताच बॅकगिअर टाकतात, चक फिरवणारा स्पिंडल अडकवतात आणि चकवर हातोडा घालतात. दात बिचारा मधल्या मध्ये जातो, हे तुम्ही तिथेच उभ्या उभ्या समजावलंत. शेवटी सॅडल, म्हणजे हत्यार घेऊन खालच्या बेडवर सरकणारा भाग, सरकवलं. चकजवळ खुळखुळत होतं, टेलस्टॉककडे, म्हणजे उजव्या टोकाला, नेलं तर घट्ट. "बेड खाल्लाय यानं," एवढंच म्हणालात. सगळं काम चकजवळच होतं, त्यामुळे बेड झिजतो तो तिथेच. सॅडलमधली जिबची पट्टी आवळून चकजवळचा ढिलेपणा घालवावा, तर पलीकडे सॅडल हलायचं नाही. विकणाऱ्याचा चेहरा मला अजून आठवतो. माझे पाच हजार खिशातच राहिले.

खरं तर तुमचं काम तिथे संपलं होतं. मोतीबागच्या रेल्वेच्या नॅरोगेज वर्कशॉपात उभी हयात घातलेल्या माणसाला माझ्यासारख्या बँकेत कारकुनी करणाऱ्याच्या हौसेशी काय देणंघेणं? पण पुढचे पाच रविवार तुम्ही माझ्या स्कूटरवर मागे बसलात. हिंगणा एमआयडीसी, बुटीबोरी, वाडी. एप्रिलच्या उन्हात डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून. प्रत्येक ठिकाणी "नको". तिसऱ्या रविवारी तर मला तुमचा रागच आला होता, आज कबूल करतो.

आणि मग महालातल्या त्या वाड्याच्या मागचं बंद दुकान. वडील गेल्यावर मुलांनी कुलूप लावलेलं. अडीच फुटी लेथ, पंजाबातल्या बटाल्याचा, रंगाचा पत्ता नाही, सगळीकडे काळ्या वंगणाचा थर. मला तो भंगार वाटला. तुम्ही चिंधीवर रॉकेल घेऊन बेडचा वीतभर तुकडा पुसलात, त्यावर बोट फिरवलंत आणि पहिल्यांदाच गप्प झालात.

कोपऱ्यात बिस्किटाच्या जुन्या डब्यात आटे पाडताना बदलायचे चेंज गिअर होते. तुम्ही जमिनीवर बसून एकेक काढलात. सगळ्यात मोठ्याच्या एका दातावर खडूची खूण केलीत आणि मोजायला लागलात. मधे मी काहीतरी बोललो तर हात वर करून गप्प केलंत. खडूशी परत आलात तेव्हा म्हणालात, "एकशे सत्तावीस." तेव्हा तुम्ही का हसलात ते मला घरी आल्यावर गणित मांडून कळलं. आटे पाडताना सॅडल ओढणारा लीड स्क्रू इंचाचा, इंचाला आठ आट्यांचा; मला पाडायचे आटे मिलिमीटरचे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि १२७ ला ५ ने भागलं की नेमके २५.४ येतात. तो एक गिअर असला की मेट्रिक आटे बिनचूक पडतात. ज्याने तो डबा जपून ठेवला, तो माणूस किती काटेकोर असेल!

भाव अठ्ठावीस हजारांवर ठरला. मी आणखी कमी करायला तोंड उघडणार, तोच तुम्ही म्हणालात, "डब्याचे दोन हजार वेगळे दे." दिले. तेव्हा जिवावर आलं होतं.

छोट्या हत्तीत चढवताना हमालाने दोर लीड स्क्रूवरून घेतला, तेव्हा तुम्ही जे ओरडलात ते इथे लिहीत नाही.

एका बाबतीत मात्र मी जिंकलो, हेही लिहून ठेवतो. मोटर एक हॉर्सपॉवरची, तीन फेजची. माझ्या घरी सिंगल फेज. तुमचं म्हणणं, मोटरच बदल. मी टर्मिनल बॉक्समधलं स्टारचं कनेक्शन डेल्टा केलं आणि सिंगल फेजवरून तीन फेज करून देणारा ड्राइव्ह बसवला. आता नुसता नॉब फिरवून स्पीड कमी-जास्त होतो. तुम्ही तो नॉब तीनदा फिरवून पाहिलात आणि "खेळणं आहे" म्हणालात. पण फिरवलात तीनदा.

लेव्हलिंगला आख्खा दिवस गेला. इंचाची सळई नुसती चकमध्ये धरून, चार इंचांवर दोन कॉलर, म्हणजे जाड कडी, ठेवून एकाच सेटिंगवर काप घेतला, तर फरक तीन थाऊ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. मी स्पिंडलला दोष देत होतो. तुम्ही टेलस्टॉककडच्या पायाखाली पत्र्याची शिम सरकवलीत. पुन्हा काप, पुन्हा शिम. चौथ्या खेपेला फरक अर्ध्या थाऊवर आला.

आणि जाताना दारातून सांगितलेलं: "कूलरचा वारा याच्यावर पडू देऊ नको." मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय काम करणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी कूलर उलट्या बाजूच्या खिडकीत लावलाय आणि काम झालं की बेडवर तेलाचा हात फिरवतो. गंजाचा ठिपका नाही.

माझं पहिलं काम म्हणजे गनमेटलचा तो बुश, दांडा ज्यात फिरतो ती नळी. तुम्ही व्हर्निअर लावून म्हणालात, "दोन थाऊ मोठा आहे. ठोकून बसंल." आणि खिशात टाकलात. तो तुमच्याच कूलरच्या पंख्याला बसवल्याचं काकूंकडून परवा कळलं. आवाज करायला लागला तर सांगा, दुसरा करून आणतो.

तुमचा,
स्कूटरवाला