चाचा, गाडी आता पहिल्या किल्लीला सुरू होते

चाचा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी मिरजेच्या पार्किंगमध्ये तुम्ही आमची गाडी दुरुस्त केलीत, मी तुमच्या हातावर चारशे रुपये ठेवले, बाबांना गाडीत बसवलं आणि निघाले. त्यांना घरी नेऊन निजवायची घाई होती, म्हणून जे बोलायचं होतं ते राहून गेलं. आता सहा महिने झाले. गाडीने एकदाही दगा दिलेला नाही. राहिलेलं आज लिहितेय, आणि चारचौघांना वाचता यावं असं लिहितेय, कारण आमच्यासारखी गाडी आणखी कुणाच्या तरी दारात उभी असणारच.

आमची गाडी २०१० सालची, छोटी, पेट्रोलवरची. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, मिरजेला. तासगावातून सकाळी साडेसहाला निघायचं, आठ ते बारा मशीनवर, मग परत. पाडवा झाला आणि गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. किल्ली फिरवली की बॉनेटखाली एकदाच 'टक्', की सगळं शांत. दहा मिनिटांनी फिरवली तर सुरू. मग आठ दिवस काही नाही. मग लागोपाठ दोनदा तेच. धक्का मारला की मात्र लगेच चालू.

डायलिसिसहून उठलेल्या माणसाची अवस्था ज्यांच्या घरी हे आहे त्यांनाच कळते. अंगातलं पाणी काढलेलं, बीपी उतरलेलं, हातावर पट्टी. मे महिन्याच्या भर दुपारी तापलेल्या गाडीत बाबा डोळे मिटून बसलेले आणि मी वॉचमनला, रिक्षावाल्यांना धक्का मारायला हाका मारतेय. एकदा ते हळूच म्हणाले, "माझ्यापायी तुझे हाल." चाचा, गाडीवर झालेला सगळा खर्च एकीकडे आणि ते वाक्य एकीकडे.

खर्च झालाच होता. एका ठिकाणी बॅटरी बदलली. दुसरीकडे सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उतरवून तिला नवे कार्बन घातले. तिसरीकडे स्कॅनर लावला, काही निघालं नाही, तर इग्निशन स्विच बदलून दिला. गॅरेजमध्ये गाडी दर वेळी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची आणि दर वेळी वाटायचं, सुटलो एकदाचे. मधेच अॅक्सिलरेटरची केबल जड झाली, तीही बदलून झाली. तिचा या दुखण्याशी काही संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तुमच्याकडे आणली तेव्हाही ती बिनतक्रार सुरू झाली. तुम्ही बॉनेट उघडलंच नाही. स्टूल माझ्याकडे सरकवलंत आणि विचारत बसलात. आवाज 'टक्' एकदाच येतो की 'टकटकटक' असा सलग? सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, असं कधी होतं का? सकाळी की दुपारी? रात्रभर उभी राहिल्यावर की पळून आल्यावर? किल्ली फिरवताना हेडलाइट मंद होतात का? मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर तारेला कान देऊन बसतात, तसे तुम्ही माझं ऐकत होता. हेडलाइटचं मला सांगता आलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं, मग बघणार कोण?

आणि मग तुम्ही म्हणालात, "ताई, मला अजून कळलेलं नाही. कळल्याशिवाय मी काही बदलणार नाही."

पैसे घेतले नाहीत. एक काम दिलंत. वहीत लिहायचं: तारीख, वेळ, किती किलोमीटर पळून आली, ऊन की सावली, आवाज कसा. नाही झाली सुरू, तर आधी हेडलाइट लावून किल्ली फिरवायची आणि उजेडाकडे बघायचं. "आणि धक्का मारू नका. मला फोन करा. बिघाड हजर असतानाच धरायला पाहिजे."

सव्वा महिन्यात वहीत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ, गाडी पळून येऊन उन्हात उभी राहिल्यानंतरच्या. हेडलाइट एकदाही मंद झाले नव्हते. त्या वहीचा मला केवढा आधार होता, चाचा! तोवर नुसती धास्ती होती, आता हातात काहीतरी धरायला होतं.

बाराव्या वेळेला मी फोन केला. तुम्ही जेवण अर्धवट टाकून स्कूटरवर आलात, वीस मिनिटांत. आधी बाबांना खाली उतरवून निंबाच्या सावलीत वॉचमनच्या खुर्चीवर बसवलंत, मग बॉनेट उघडलंत. मीटरच्या दोन वायरी बॅटरीच्या दोन टोकांना लावल्यात, मला किल्ली फिरवायला सांगितलीत. 'टक्.' काटा १२.३ व्होल्टवरून जेमतेम हलला. "बॅटरी ठणठणीत आहे. सेल्फ करंट ओढत असता तर हा दहाच्या आसपास आला असता. म्हणजे करंट जातच नाहीये." मग एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूला. पुन्हा किल्ली. मीटरवर ८.४. तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं, पाव व्होल्ट म्हणजेसुद्धा पुष्कळ, हे तुम्ही मला मीटर दाखवून समजावलंत.

तुम्ही डिकीतून जंपर केबल काढायला लावलीत, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनला. "मारा आता." पहिल्या किल्लीला सुरू! बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, मला आजही ते दिसतं.

मग तुम्ही गाडीखाली आडवे झालात आणि इंजिन ते बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी काढून आणलीत. वरून काळं कव्हर, धडधाकट दिसणारं. ब्लेडने चिरलंत तर आत तांब्याची जाळी हिरवीगार. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आमटी ठेवली की जसा कळंक येतो, तसा. टोकाजवळ बोटाने वाकवली तर तारा खारीसारख्या तुटून हातात आल्या. शाबूत अशा पाच-सहाच उरल्या होत्या.

तुम्ही समजावलंत ते माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर सांगा. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, सेल्फला शंभराच्या वर लागतात. सेल्फचा सगळा करंट इंजिनमधून बॅटरीकडे परत जायला ही पट्टीच वाट. आधीच्या ठिकाणी मीटरची पिप् वाजली म्हणून जोडणी बरोबर धरली होती, पण पिप् एका तारेवरही वाजते. "ओढ्यावरच्या साकवावरून माणूस जातो. उसाची ट्रॉली जाईल का?" गाडी पळून येऊन उन्हात तापली की उरलेल्या तारांचा अडसर वाढतो, म्हणून दुपारी त्रास जास्त आणि सकाळी कमी. इंजिन हलल्यावर तारा कधी टेकत, कधी सुटत, म्हणून नेम नाही. आणि वाट अडली की करंट दुसरी वाट शोधतो: अॅक्सिलरेटरच्या केबलची पोलादी तार. ती तापून आतलं प्लॅस्टिक वितळायचं. केबल कधी बदलली, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी सहज सांगून गेले, आणि तुम्ही ते महिनाभर मनात ठेवलंत.

नवी पट्टी बसवताना बॉडीचा रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत धातू काढलात, नट आवळून वरून ग्रीस लावलंत. वीस मिनिटांचं काम. मी किती विचारलं तरी चारशेच्या वर बोलला नाहीत.

चाचा, पट्टीचे आभार मानायचेच आहेत, पण त्याहून मोठे आभार "मला अजून कळलेलं नाही" या शब्दांचे. तोपर्यंत ज्याने त्याने खात्रीने सांगितलं होतं आणि मी दर वेळी त्या खात्रीवर विसंबून बाबांना गाडीत बसवत होते. तुम्ही खात्री झाल्याशिवाय बोलला नाहीत. तुम्ही बोललात, त्यानंतर मला पुन्हा धास्ती वाटली नाही.

जुनी पट्टी मी टाकलेली नाही, देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. वहीची उरलेली पानं बाबांनी घेतली, त्यात आता ते स्वतः लिहितात: मशीनवर बसण्याआधीचं वजन, उठल्यानंतरचं वजन, बीपी. उन्हाचा रकाना त्यांनी तसाच ठेवलाय.

येत्या गुरुवारी बारानंतर गॅरेजवर येतोय. बाबांना तुम्हाला भेटायचंच आहे. सोबत आपल्या बागेतले दोन किलो बेदाणे आणतेय. नाही म्हणू नका.

तुमची,
तासगावची ताई