कोऱ्या चौकटीने गिळलेली दोन पुस्तके

महोदय,

संगणक वर्गांत डेटाबेस शिकवताना फॉर्म सजवण्यात आणि रिपोर्ट छापण्यात आठवडे जातात. टेबलांचे एकमेकांशी नाते मात्र शेवटच्या तासाला उरकतात. मी ग्रंथपाल आहे, प्रोग्रामर नव्हे, आणि त्या उरकण्याची किंमत मी मोजली आहे.

अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये मी तीन टेबले केली होती: सभासद, पुस्तके, देवघेव. देवघेवीत नावे पुन्हा लिहायची नाहीत, सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक तेवढा टाकायचा, हे मला पटले होते. रिलेशनशिप्सच्या खिडकीत टेबलांमध्ये रेघाही ओढल्या. ‘एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी’ (देवघेवीतला क्रमांक मूळ टेबलात असलाच पाहिजे, ही सक्ती) ही चौकट मात्र कोरी ठेवली. खूण केली की प्रोग्राम सारखा अडवतो, असे शिकवणाऱ्यांनीच सांगितले होते!

पुढे जुने सभासद काढताना ११२ क्रमांक पुसला. संगणकाने हूं की चूं केले नाही. वार्षिक मोजणीत दोन पुस्तके कपाटात नव्हती, म्हणून ‘बाहेर असलेली पुस्तके’ ही यादी काढली, तर तिच्यातही नाहीत. सहकाऱ्यांनी चोरी गृहीत धरली. देवघेवीचे टेबल उघडले, तर दोन्ही नोंदी जागच्या जागी, दोन्हींपुढे ११२. यादीची क्वेरी, म्हणजे टेबलांतून हवी ती माहिती काढणारी आज्ञा, सभासदाचे नाव जोडून आणायची. तिच्यात इनर जॉइन, म्हणजे दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या ओळीच घेणारा जोड होता, त्यामुळे ज्या ओळीला सभासद सापडेना ती ओळच गळत होती. बेरीज चुकलेली, पण कागद अगदी देखणा.

मग चौकटीत खूण करायला गेले, तर अ‍ॅक्सेस ऐकेना. आधीचाच डेटा नियम मोडतो, असे त्याचे म्हणणे, आणि ते खरेच होते. जोडीदार नसलेल्या ओळी शोधणाऱ्या ‘अनमॅच्ड’ क्वेरीने पाहिल्यावर सात पोरक्या, म्हणजे सभासदच नसलेल्या, नोंदी निघाल्या. कागदी अर्ज चाळून ते सभासद पुन्हा टेबलात घातले, तेव्हा कुठे खूण टिकली. रेघेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला आडवा इंग्रजी आठ उमटला. खूण नसताना तीच रेघ नुसती असते. हा फरक मला कुणी दाखवला नव्हता.

त्याखालची ‘कॅस्केड डिलीट’ची चौकट मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. तिथे खूण केली तर सभासद पुसताच त्याच्या देवघेवीच्या नोंदीही जातात. पुस्तक बाहेर आणि पुरावा नाहीसा! सोडून गेलेल्यांसाठी आता ‘सक्रिय’ असा हो-नाही रकाना केला आहे, पुसणे बंद. शिवाय सभासद क्रमांक रिकामा ठेवला तर तोही नियमात बसतो, म्हणून देवघेवीत तो रकाना ‘रिक्वायर्ड’ (भरणे सक्तीचे) करावा लागला.

हे अ‍ॅक्सेसपुरतेच नाही. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाशी नाते सांगणारा रकाना, लिहिली, तरी तिची तपासणी सहसा बंदच असते. डेटाबेसशी नव्याने जोडणी केली की दर वेळी ती चालू करावी लागते.

शिकवणाऱ्यांना एकच विनंती. पुस्तक बाहेर असलेला सभासद पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना पुसायला लावा. एकदा खुणेशिवाय, एकदा खुणेसह.

११२ क्रमांकाच्या सभासदाला पत्र धाडले आहे. पुस्तके अजून यायची आहेत.

– एक ग्रंथपाल